अठराशे सत्तेचाळीसचं माप

चिलवेरी टेलर्सच्या कटिंग टेबलावर
निळ्या पिनाफोरांचा ढीग जरा सरकवून
मी आयर्लंड पसरलं:
अकरा झेरॉक्स, त्यातल्या चार काळ्याकुट्ट आलेल्या.

राजमल्लूमामांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला.
"कुठल्या शाळेचा हा?"
शाळेचा नाही मामा, देश आहे एक. बटाटे कुजले होते तिथं
पाल्यासकट, बघता बघता.
कॉलेजची फिल्म करतोय आम्ही, बारा मिनिटांची.
"बटाट्यावर?"
माणसांवर.
"मग माप सांगा."

माप. दोन महिने तेच तर शोधत होते,
लायब्ररीत, मग रात्री अंथरुणात, दीड जीबी संपेपर्यंत.
जमीनदारणीचा रेशमी झगा सापडतो अस्तरासकट,
काचेच्या पेटीत, कमरेचा घेर इंचात लिहिलेला.
तिच्या कुळाच्या बायकोचं काहीच सापडत नाही.
अंगावर होतं ते अंगावरच विरलं,
विरलं नाही ते गहाण पडलं,
आणि चित्रं काढली ती बोटीनं येऊन बोटीनं गेलेल्यांनी.
त्यांना फाटलेलं दिसलं,
शिवण कुठं होती ते नाही.

माझ्या वहीत एवढंच जमलेलं:
चेन नाही. इलॅस्टिक नाही. बटण हाडाचं, नाहीतर नाहीच.
परकर लोकरी, मंजिष्ठाच्या लालातला.
डोक्यावरून शाल. पाय अनवाणी.
मल्लिनाथ, म्हणजे आमचा दिग्दर्शक, म्हणतो
लाल कशाला, ब्लॅक अँड व्हाइट करतोय ना,
हिप्परग्याच्या तळ्याकाठी लावू कॅमेरा,
बाभळी फ्रेमबाहेर,
आणि उन्हाचं काय ते एडिटिंगला बघू.

मामांना हे पटलं नाही.
"बघणाऱ्याला दिसंना. घालणारीला दिसतंय की."

शालीसाठी मी घरची चादर आणलेली.
त्यांनी उलटी केली, तर तिकडूनही मोर,
फक्त रंगांची अदलाबदल.
"ही दोन्हीकडनं सोलापूरच," म्हणाले,
आणि आतून घोंगडी घेऊन आले, वासासकट.
मेंढी कुठलीही असो, मेंढीच.

पोशम्मा उंबऱ्यात बसलेल्या, मांडीवर सूप,
बोटं आपली आपण विड्या वळत होती.
मान वर न करता विचारलं,
"घरात बायका किती होत्या?"
तीन. आई आणि दोन पोरी.
"आणि कपडे?"
तीन जोड, मी म्हटलं. बजेट तेवढंच आहे.

दोरा दातांनी तुटला.
"मिल बंद पडली तवा आमी जावा तिघी.
बाहेर नेसायजोगं लुगडं एक.
रेशनला जी जाईल, तिनं नेसायचं.
बाकीच्या आत. दार लोटून."

पंखा फिरत होता. एक झेरॉक्स उडून
मशीनच्या पायट्याखाली गेली.
मी वही उघडली. पान सतरा, माझ्याच अक्षरात,
कुण्या तपासनिसाच्या जबानीतून उतरवलेलं:
झोपडीतून आवाज आला, बाई बाहेर येऊ शकत नाही.
आणि समासात मी, शिसपेन्सिलीनं, शहाणी:
आजारी?

दोन महिने ते प्रश्नचिन्ह
माझ्या पिशवीतून रिक्षानं येत-जात होतं,
अशोक चौक, साखर पेठ, परत.

मल्लिनाथला तिथूनच फोन लावला.
दुसरा सीन बदलायचा, म्हटलं. दोघी दिसणार नाहीत.
"मग करणार काय त्या?"
आत बसतील.
बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, बॅटरी वाचेल.

मामांनी तिघींची मापं पुन्हा मागितली.
उंची घेतली सर्वांत उंच पोरीची,
घेर सर्वांत जाड पोरीचा,
आणि वर नाडी. "नाडी सगळ्यांना ओळखते."
पोशम्मांनी खालची दुमड जास्त ठेवायला सांगितली,
आधी तीच झिजते.

पावतीपुस्तक युनिफॉर्मचंच होतं.
शाळेचे नाव: आयर्लंड.
इयत्ता: त्यावर पेन जरासं थांबलं, मग रेघ.
रंग: लाल.
नग: एक.